शेतकऱ्यांच्या ध्वनिनिरोप यंत्रणेचा ताण: मोठा सर्व्हर घ्यावा का?

काटोल आणि नरखेड भागातील संत्रा व कापूस उत्पादकांसाठी नागपुरातून चालणाऱ्या एका दूरध्वनी सल्लासेवेच्या व्यवस्थापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतकरी एका क्रमांकावर फोन करतात, त्या दिवसाचा फवारणीचा सल्ला आणि कळमना बाजारातील भाव ऐकतात आणि शंका असल्यास आपल्या आवाजात निरोप ठेवतात. कृषी सल्लागार नंतर ते निरोप ऐकून उलट फोन करतात. सगळा कारभार एका पीआरआय लाइनवर (एकाच जोडणीतून अनेक कॉल नेणारी डिजिटल टेलिफोन लाइन) आणि अ‍ॅस्टरिस्क हे कॉल हाताळणारे सॉफ्टवेअर बसवलेल्या एकाच सर्व्हरवर चालतो. सकाळी सात ते नऊ या वेळात फोन लागत नाही, काही निरोप कोरे निघतात, काही सापडतच नाहीत आणि वीज गेली की शेवटचे निरोप हमखास गायब होतात. पुढच्या हंगामात आणखी दोन तालुके जोडायचे आहेत आणि विक्रेत्याने मोठा सर्व्हर घेण्याचे सुचवले आहे. तो घ्यावा का?

माझे उत्तर असे की घेऊ नये, निदान आत्ता तरी नाही. एका पीआरआयवर एका वेळी जास्तीत जास्त ३० कॉल येऊ शकतात आणि ३० कॉल ऐकवणे व रेकॉर्ड करणे हे आजच्या कोणत्याही साध्या संगणकाला जड नाही. आपल्या तक्रारी एकत्र आल्यामुळे त्यांचे कारण एकच असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्यांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी फक्त एकाचा संबंध क्षमतेशी आहे. उरलेल्या तक्रारी निरोप कोणत्या क्षणी ‘मिळाला’ असे आपली यंत्रणा मानते, या प्रश्नाशी जोडलेल्या आहेत. तो प्रश्न सुटल्याशिवाय क्षमता वाढवली, तर हरवणाऱ्या निरोपांची संख्याही त्याच प्रमाणात वाढेल.

प्रथम फोन न लागण्याचे पाहू. पीआरआयच्या २.०४८ मेगाबिटच्या जोडणीत ३२ टाइमस्लॉट असतात, त्यांतले ३० बोलण्यासाठी मिळतात. डॅनिश गणिती ए. के. एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत असताना त्यांनी १९१७ मध्ये मांडलेले सूत्र आजही येथे जसेच्या तसे लागू पडते. उदाहरणादाखल असे धरू की सर्वांत गर्दीच्या तासात ९०० जण फोन करतात आणि प्रत्येक जण सरासरी दोन मिनिटे लाइन धरतो. हा भार ३० एर्लांगचा झाला (एक लाइन तासभर सतत भरलेली राहिली की एक एर्लांग). भार ३० आणि लाइनीही ३०, म्हणजे हिशेब जुळला असे कागदावर वाटते. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नसल्यामुळे या स्थितीत सुमारे १३ टक्के कॉल परत फिरतात. परत फिरलेला माणूस लगेच पुन्हा नंबर लावतो, त्यामुळे प्रत्यक्षातील अनुभव सूत्रापेक्षाही वाईट असतो. फक्त एक टक्का कॉल परत जावेत अशी अपेक्षा असेल, तर ३० लाइनींवर जेमतेम २० एर्लांगचा भार टाकता येतो.

आता खर्चाचा विचार करण्यापूर्वी आपले स्वागत-निवेदन घड्याळ लावून ऐकावे. संस्थेचे नाव, पदाधिकाऱ्यांचे आवाहन, योजनांची माहिती आणि मग मुख्य सल्ला, असा चाळीस सेकंदांचा पाल्हाळ मी अनेक ठिकाणी ऐकला आहे. तो पंधरा सेकंदांवर आणला, तर सरासरी कॉल १२० ऐवजी ९५ सेकंदांचा होतो, वरच्या उदाहरणातील भार पावणेचोवीस एर्लांगवर उतरतो आणि परत फिरणाऱ्या कॉलचे प्रमाण १३ टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आसपास येते. एक रुपयाही खर्च न करता मिळणारी ही सुधारणा आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंसाठी आयबीएमने ध्वनिनिरोपांची यंत्रणा उभारली होती, तेव्हा तिच्या रचनाकारांनी यंत्रणा तयार होण्याआधीच निवेदनांचे कागदी मसुदे लोकांसमोर ठेवून तपासले होते. आपणही नवे निवेदन रेकॉर्ड करण्यापूर्वी कार्यालयात आलेल्या दोन-चार शेतकऱ्यांना वाचून दाखवावे. कोणते वाक्य अनावश्यक आहे हे ते लगेच सांगतील.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. सर्व ३० लाइनी भरल्या की एकतिसावा कॉल टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधूनच परत जातो आणि आपल्या सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आपल्या कॉल-नोंदी पाहून ‘सगळे कॉल उचलले गेले’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. त्याऐवजी दिवसातील किती मिनिटे सर्व ३० लाइनी एकाच वेळी भरलेल्या होत्या हे मोजावे आणि न लागलेल्या कॉलचा अहवाल ऑपरेटरकडून लेखी मागवावा.

दोन तालुके जोडल्यावर गर्दीच्या तासातील कॉल समजा १४०० झाले, तर ९५ सेकंदांच्या हिशेबाने भार सुमारे ३७ एर्लांग होईल आणि एक टक्क्याच्या निकषावर दोन पीआरआयच्या ६० लाइनी जवळपास ४७ एर्लांग पेलतात. म्हणजे दुसरी पीआरआय पुरेशी आहे. परंतु ‘प्रत्येक गटासाठी वेगळा क्रमांक, वेगळी लाइन’ असा आग्रह झाला, तर तो मान्य करू नये. तीस-तीसच्या दोन वेगळ्या गटांत मिळून सुमारे साडेचाळीस एर्लांगच मावतात, कारण एका गटाच्या मोकळ्या लाइनी दुसऱ्या गटाच्या कामी येत नाहीत. क्रमांक एकच ठेवावा आणि तालुका आतमध्ये विचारावा.

पीआरआयऐवजी एसआयपी ट्रंक (इंटरनेटसारख्या डेटा-जोडणीवरून कॉल आणण्याची सोय) घ्यावा का, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. लाइनी वाढवणे-कमी करणे त्यात सोपे जाते आणि तोच कॉल दुसऱ्या यंत्राकडे वळवता येतो, म्हणून पुढील वाढीसाठी तो योग्य आहे. आवाज अंकांत बदलण्याच्या जी.७११ या पद्धतीने एका कॉलला इथरनेटवर एका दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात, म्हणजे शंभर कॉलना नऊ मेगाबिटच्या आसपास. ही जोडणी कार्यालयाच्या रोजच्या इंटरनेटवर टाकू नये, एवढेच येथे पुरे.

आता कोऱ्या निरोपांकडे वळू. रेकॉर्डिंगच्या फोल्डरमधील फाइली आकारानुसार लावून पाहाव्यात. डब्ल्यूएव्ही या ध्वनिफाइलचा नुसता मथळा, म्हणजे आवाजाच्या आधीचा माहितीचा भाग, ४४ बाइटचा असतो. तेवढ्याच आकाराच्या फाइली दिसल्या, तर आवाज यंत्रणेपर्यंत पोचलाच नाही असा अर्थ होतो. एसआयपी जोडणीत याचे नेहमीचे कारण म्हणजे सर्व्हर राउटरच्या मागे असतो आणि आवाज पाठवण्यासाठी स्वतःचा खासगी पत्ता समोरच्याला देतो, त्यामुळे कॉल जुळतो पण आवाज एकाच बाजूने जातो. फाइल पूर्ण लांबीची असून आत शांतता असेल, तर दोष आवाजाच्या पातळीत शोधावा. तिसरी शक्यता सेटिंगची आहे. अ‍ॅस्टरिस्कच्या व्हॉइसमेलमध्ये ‘मॅक्ससायलेन्स’ म्हणजे किती सेकंद शांततेनंतर रेकॉर्डिंग थांबवावे आणि ‘मिनसेक्स’ म्हणजे किमान किती सेकंदांचा निरोप ठेवावा. पहिली संख्या दुसरीपेक्षा लहान असावी लागते. नाहीतर नुसती शांतताही निरोप म्हणून साठवली जाते. पण पहिली संख्या फार लहानही करू नये. पानांवर नेमके काय दिसते आहे हे सांगताना माणूस झाडाकडे बघत थांबतो आणि तीन सेकंदांच्या शांततेवर फोन कापणारी यंत्रणा त्याला उद्धट वाटते. आठ ते दहा सेकंद ठेवावेत आणि ‘मिनसेक्स’ त्याहून थोडा जास्त. त्या हिशेबात फार छोटे निरोप गळतात हे लक्षात घेऊन, शक्य असल्यास ही गाळणी व्हॉइसमेलवर न सोपवता नंतर स्वतंत्रपणे करावी.

न सापडणाऱ्या निरोपांचे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. आपल्या वर्णनावरून निरोप घेण्यासाठी ‘रेकॉर्ड’ ही आज्ञा वापरलेली दिसते. या आज्ञेचा मूळ स्वभाव असा आहे की बोलणाऱ्याने रेकॉर्डिंग चालू असताना फोन ठेवला, तर झालेले रेकॉर्डिंग टाकून दिले जाते. ‘के’ हा पर्याय दिला तरच ते राखले जाते. ‘बोलून झाल्यावर हॅश दाबा’ असे आपण कितीही वेळा सांगितले, तरी शेतात उभा असलेला माणूस बोलणे संपले की फोन खिशात टाकतो. म्हणजे जे सरळपणे बोलून मोकळे झाले, त्यांचेच निरोप गेले आणि जे चाचपडत बटण शोधत राहिले, त्यांचे राहिले. शिवाय फोन ठेवल्यानंतर डायलप्लॅनमधील (कॉल आल्यावर क्रमाने काय करायचे याच्या यादीतील) पुढच्या पायऱ्या चालत नाहीत, त्यामुळे फाइल राहिली तरी तिची डेटाबेसमधील नोंद होत नाही आणि सल्लागाराच्या पडद्यावर ती दिसत नाही. ही नोंद हँगअप हँडलरमध्ये, म्हणजे फोन ठेवल्यावर आपोआप चालणाऱ्या आज्ञांमध्ये, हलवावी. या दोन दुरुस्त्या एका दुपारचे काम आहे आणि त्या इतर सर्व गोष्टींच्या आधी कराव्यात.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट करून घ्यावी. बीप वाजण्याआधीच पुष्कळ जण बोलू लागतात आणि सुरुवातीलाच नाव व गाव सांगण्याची रीत असल्यामुळे नेमके तेच कापले जाते. रेकॉर्डिंग बीपच्या थोडे आधी सुरू केले, तर हा प्रश्न राहत नाही. फोन क्रमांक मात्र कधीही बोलून घेऊ नये, तो नेटवर्ककडून मिळणाऱ्या कॉलर आयडीतून घ्यावा.

काही ठिकाणी असे सामाईक निरोप व्हॉइसमेलच्या एकाच पेटीत साठवलेले असतात. आपल्याकडेही तसे असेल, तर ते बंद करावे. ती पेटी एका माणसाच्या पाच-दहा निरोपांसाठी बनवलेली आहे. मूळ सेटिंगनुसार एका फोल्डरमध्ये १०० निरोप मावतात, फाइलींना क्रमाने नंबर दिले जातात आणि मधला निरोप काढला की पुढच्या सर्वांचे नंबर बदलले जातात. तेवढा वेळ फोल्डरला कुलूप लागते. चार सल्लागार एकाच वेळी ऐकत आणि खोडत असतील आणि त्याच वेळी नवे निरोप येत असतील, तर ‘मी आत्ताच ऐकलेला निरोप कुठे गेला’ ही तक्रार येणारच. प्रत्येक निरोपाला कॉल सुरू होतानाच कधीही न बदलणारा स्वतंत्र ओळखक्रमांक द्यावा, फाइलचे नाव तोच क्रमांक असावे, आणि ऐकला, उत्तर दिले, बंद केला या सर्व अवस्था डेटाबेसमध्ये बदलाव्यात. फाइलला हात लावू नये.

वीज गेल्यावर शेवटचे निरोप का जातात, याचेही उत्तर साधे आहे. लिनक्स लिहिलेली माहिती आधी स्मृतीत ठेवते आणि डिस्कवर नंतर उतरवते. मूळ सेटिंगनुसार ती सुमारे अर्धा मिनिट तशीच राहू शकते. आपली यंत्रणा फाइल बंद झाली की निरोप मिळाला असे समजते, पण त्या क्षणी तो डिस्कवर असेलच असे नाही. म्हणून क्रम असा ठेवावा की रेकॉर्डिंग तात्पुरत्या नावाने व्हावे, संपल्यावर एफसिंक ही आज्ञा देऊन ते डिस्कवर उतरल्याची खात्री करावी, मग त्याला अंतिम नाव द्यावे, त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एक छोटी मजकूर-फाइल ठेवून तीत वेळ, क्रमांक आणि तालुका लिहावा, दुसऱ्या यंत्रावर दोन्हींची प्रत जावी, आणि त्यानंतरच शेतकऱ्याला पोच द्यावी. बहुतेकांनी तोवर फोन ठेवलेला असतो, म्हणून ही पोच एसएमएसने देणे सोयीचे ठरते. त्यासाठी संदेशाचा साचा ऑपरेटरांच्या डीएलटी या संदेश-नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. पोच गेली म्हणजे निरोप दोन ठिकाणी आहे, आणि निरोप दोन ठिकाणी नसेल तर पोच जाणार नाही, हा नियम यंत्रणेत कोठेही मोडू देऊ नये.

दुसरे यंत्र बंद असेल तर काय करावे, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते अशा वेळी निरोप एका प्रतीवर स्वीकारावा, पोच रोखून धरावी आणि आपल्या माणसाला इशारा जावा, कारण सकाळी सात वाजता फोन केलेल्या शेतकऱ्याला परत पाठवणे हा अधिक मोठा तोटा आहे. मात्र डिस्कच भरली असेल, तर निरोप घेतल्याचे नाटक करू नये; स्पष्ट निवेदन ऐकवून सल्ला तेवढा चालू ठेवावा. डेटाबेस बंद पडल्यामुळे रेकॉर्डिंग थांबता कामा नये. वर सांगितलेली मजकूर-फाइल त्यासाठीच आहे, तिच्यावरून नोंदी नंतर भरता येतात. एखादी नोंद दोनदा भरण्याचा प्रयत्न झाला तरी ओळखक्रमांक एकच असल्यामुळे निरोप दोनदा दिसणार नाही.

येथून वाढीचा मार्ग सोपा होतो. कॉल घेणारी यंत्रे आणि निरोप सांभाळणारी यंत्रे वेगळी करावीत. कॉल घेणाऱ्या यंत्राने ऐकवावे, रेकॉर्ड करावे आणि सोपवावे. आवाज स्वच्छ करणे, एमपी३ बनवणे, एसएमएस पाठवणे ही कामे रांगेत टाकून दुसऱ्या यंत्राने सवडीने करावीत. ती रांग तासभर अडकली तरी फोन घेणे थांबत नाही. मुळात एमपी३ची आवश्यकताही फारशी नाही. भारतातील टेलिफोन जाळ्यात आवाज ए-लॉ (जी.७११चाच एक प्रकार) पद्धतीने सेकंदाला ८००० बाइट या दराने येतो, म्हणजे एका मिनिटाला ४८० किलोबाइट. रोज एक-एक मिनिटाचे हजार निरोप आले, तरी वर्षाला सुमारे १७५ गिगाबाइट होतात आणि एवढी जागा आज स्वस्त आहे. निवेदनेही ए-लॉमध्येच ठेवावीत, म्हणजे प्रत्येक कॉलला रूपांतराचे काम पडत नाही.

कॉल घेणारी दोन यंत्रे झाली की त्यांच्यापुढे कामायलिओसारखा एसआयपी प्रॉक्सी (आलेले कॉल यंत्रांमध्ये वाटून देणारे सॉफ्टवेअर) बसवता येतो. तो ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राला ‘ऑप्शन्स’ संदेश पाठवून ते जिवंत आहे की नाही हे पाहतो आणि बंद पडलेल्याकडे कॉल पाठवणे थांबवतो. पडलेल्या यंत्रावर त्या क्षणी चालू असलेले कॉल तुटतात, ते वाचवण्याच्या नादी लागू नये. शेतकरी पुन्हा फोन करतो आणि तो लगेच लागला तर त्याची तक्रार नसते. प्रॉक्सीही एकच ठेवला तर अडचणीची जागा फक्त बदलते, म्हणून तोही जोडीने ठेवावा. कंटेनर, क्लस्टर वगैरे गोष्टी या आकाराच्या सेवेला नकोत. त्या सांभाळणारा माणूस रजेवर गेला की यंत्रणा अनाथ होते.

नागपूरच्या परिस्थितीबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि सर्व्हरची खोली थंड ठेवून यूपीएसच्या बॅटऱ्या जिन्याखाली ठेवण्याची पद्धत येथे सर्रास आहे. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मे होते, त्यामुळे कागदावर तासभर चालणारा यूपीएस दुसऱ्या उन्हाळ्यात दहा मिनिटांत मान टाकतो. बॅटरीची चाचणी मार्चमध्ये, खरा भार टाकून करावी. यंत्रे तळघरात ठेवू नयेत; २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा तळघर व तळमजला यांचा धोका शहराने पाहिला आहे. सिमेंट रस्ते आणि उड्डाणपुलांच्या खोदकामात केबल तुटणे ही तर नेहमीची बाब आहे. दोन ऑपरेटरांच्या जोडण्या घेऊन दोन्ही केबल एकाच चरातून आणल्या, तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. म्हणून इमारतीत एक केबल पुढच्या बाजूने व दुसरी मागच्या बाजूने येते का हे स्वतः उभे राहून पाहावे आणि शक्य असेल तर दुसरे यंत्र शहराबाहेरील डेटा सेंटरमध्ये ठेवावे. क्रमांक १८०० मालिकेतील असेल, तर मुख्य लाइन बंद पडल्यास कॉल दुसऱ्या ठिकाणी वळवण्याची सोय ऑपरेटरकडून करून घ्यावी आणि ती महिन्यातून एकदा, कमी गर्दीच्या दुपारी, मुख्य जोडणी मुद्दाम काढून तपासावी.

सल्लागारांचे उलट फोन याच लाइनींवरून जात असतील, तर ते ताबडतोब वेगळे करावेत. सकाळी आठला चार सल्लागार फोनवर असले की चार शेतकऱ्यांच्या लाइनी गेल्या. सर्वांना एकच रेकॉर्ड केलेला इशारा पाठवायचा असेल, उदाहरणार्थ गुलाबी बोंडअळीचा, तर तो स्वतंत्र ट्रंकवरून, सेकंदाला किती कॉल जातील याची मर्यादा घालून आणि न लागलेले क्रमांक वेगवेगळ्या अंतराने पुन्हा लावून पाठवावा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीनुसार अशा कॉलसाठी नोंदणी आणि संमती यांचे नियम आहेत. ते ऑपरेटरकडून लेखी समजून घ्यावेत. याच संदर्भात मिस्ड कॉलचा पर्यायही विचारात घेण्यासारखा आहे. शेतकऱ्याने मिस्ड कॉल द्यावा आणि यंत्रणेने त्याला उलट फोन करून सल्ला ऐकवावा व निरोप घ्यावा. मिस्ड कॉल लाइन क्षणभरच धरतो, त्यामुळे सातची गर्दी आपल्या रांगेत येते आणि आपल्या सोयीने, जेवढ्या लाइनी मोकळ्या असतील तेवढ्याच गतीने ओसरते. कॉलचा खर्च संस्थेकडे येतो हे खरे, पण पुढे तिसरी पीआरआय घेण्याची वेळ आली, तर आधी याचा हिशेब करून पाहावा.

देखरेखीसाठी सर्व्हर चालू आहे की नाही हे पाहणे पुरेसे नाही. दर दहा मिनिटांनी एका वेगळ्या लाइनीवरून आपल्याच क्रमांकावर आपोआप फोन लागावा, ठरावीक सूर वाजवावा, निरोप म्हणून तो रेकॉर्ड व्हावा आणि सल्लागाराच्या यादीत तो योग्य लांबीचा व योग्य आवाजाचा दिसला की नाही हे तपासले जावे. असा एक परीक्षा-कॉल लाइन, आवाज, डिस्क, डेटाबेस आणि पडदा या सगळ्यांची साक्ष देतो. गर्दीच्या दोन तासांत मात्र तो तासातून दोनदाच लावावा. त्याच्या जोडीला एकच आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा: अजून न ऐकलेल्या सर्वांत जुन्या निरोपाचे वय.

हा आकडा वाढू लागला, तर त्यावर तांत्रिक उपाय नाही. रोज ५०० निरोप एक-एक मिनिटाचे असतील, तर ते नुसते ऐकायलाच आठ तासांहून अधिक लागतात; उत्तराचे फोन वेगळे. दोन तालुके जोडण्याआधी सल्लागारांची संख्या ठरवावी, निरोपांची प्राथमिक वर्गवारी संत्रा, कापूस आणि भाव अशी एका बटणावर करून घ्यावी, आणि भावाची विचारणा करणाऱ्यांना निरोप ठेवण्याआधीच ताजे भाव ऐकवावेत. आवाजाचे आपोआप लेखन करणारी साधने वर्गवारीला उपयोगी पडतील, पण वऱ्हाडी बोली, मागे चालू असलेला मोटरपंप आणि औषधांची नावे यांत ती अजून अडखळतात. औषधाचे प्रमाण सांगण्याआधी सल्लागाराने मूळ आवाज स्वतः ऐकलाच पाहिजे. खर्चाचा क्रम विचाराल तर ‘के’ पर्याय आणि हँगअप हँडलर या आठवड्यात, निवेदन छोटे करणे पुढच्या आठवड्यात, दुसरे साधे यंत्र आणि बॅटऱ्या उन्हाळ्याआधी, दुसरी पीआरआय किंवा एसआयपी ट्रंक तालुके जोडण्याच्या एक महिना आधी, आणि विक्रेत्याने सुचवलेल्या मोठ्या सर्व्हरच्या पैशांत आणखी एका सल्लागाराचे मानधन.